नाशिकच्या विहारांवरील भित्तिशिल्पे

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सु. ८ किमी. अंतरावर, मुंबई–आग्रा मार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात कोरलेल्या बौद्ध भिक्षुनिवासांच्या दर्शनी व अंतर्गत भिंतींवरील शिल्पकाम. या डोंगराचा उल्लेख तेथील प्राकृत कोरीव लेखांत ‘तिरण्हु’ असा आढळतो. लोकांत मात्र ही लेणी ‘पांडवलेणी’ या नावाने ओळखली जातात. लेण्यांची संख्या २४ असून त्यांपैकी क्र. १८ हे चैत्यगृह आहे. उर्वरित लेण्यांपैकी बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या वास्तू होत. त्यांचे खोदकाम इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि अधूनमधून खंड पडत इ. स. सहाव्या शतकापर्यंत त्यांत भर पडत राहिली. राहत्या घराच्या भिंतीवर मोठ्या आकाराचे शिल्प कसे साकारावे, त्यासाठी वास्तूची आखणी कशी करावी आणि पुढे ते बदलावयाचे झाल्यास काय किंमत द्यावी लागते, या प्रश्नांची उत्तरे एकाच डोंगरात क्रमाने पाहावयास मिळतात, हे या समूहाचे वैशिष्ट्य होय.

विटांच्या, चिऱ्यांच्या किंवा लाकडाच्या घरात आधी भिंत उभी राहते व मग शिल्प तिच्यावर बसविले जाते. नाशिकच्या जुन्या वाड्यांतील कोरीव तुळया, खांब व त्यांच्या माथ्यावरील हात ही सुतारांनी जमिनीवर घडविलेली अंगे असून ती कूस आणि खाच यांच्या जोडणीने जागच्या जागी बसविलेली असतात. ती बिघडली तर उतरविता येतात आणि वाडा पडला तरी दुसऱ्या घरात लावता येतात. शैलगृहातील शिल्पाचे तसे नसते. तेथे काहीच आणून बसवावयाचे नसते. भोवतालचा दगड काढून टाकल्यावर जे राखले जाते तेच शिल्प होय. त्यामुळे भिंतीतून शिल्प किती पुढे यावयाचे, याचा निर्णय भिंत तयार होण्यापूर्वी घ्यावा लागतो. एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही. नाशिकच्या भित्तिशिल्पांचा इतिहास हा मुख्यतः राखलेल्या आणि उरलेल्या दगडाचा इतिहास आहे.

खडक व खोदकामाची पद्धत : त्रिरश्मी डोंगर दक्षिणेच्या पठारावरील बेसाल्ट खडकाचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास झालेल्या ज्वालामुखीय उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला. हे थर बहुतांशी आडवे असतात. काही थर घट्ट व एकसंध असतात, तर काहींत वायूच्या पोकळ्या व भेगा असतात. आडव्या, घट्ट थरात सपाट छताचा प्रशस्त मंडप मधल्या स्तंभांवाचून कोरता येतो. तथापि दर्शनी भागी एखादी भेग निघाली, तर तेथील शिल्प धोक्यात येते. म्हणून जागेची निवड हेच शिल्पकामातील पहिले काम होते.

खोदकाम वरून खाली होत असे. प्रथम कड्याचा पृष्ठभाग तासून उभा व सपाट करीत, नंतर छताच्या पातळीवर आत शिरत आणि मग पायरीपायरीने जमिनीपर्यंत उतरत. या क्रमामुळे उंच परांची बांधण्याची गरज बरीच कमी होई. पाथरवट खालच्या न काढलेल्या दगडावरच उभा राहून वरचे काम पुरे करी. अजिंठ्याच्या क्र. २४ सारख्या अपुऱ्या लेण्यांत या पद्धतीचे टप्पे स्पष्ट दिसतात. नाशिकच्या क्र. १ च्या विहारातही त्याचा पुरावा आहे. तेथे दर्शनी भागाच्या माथ्यावरील शोभेचा पट्टा कोरून पूर्ण झालेला आहे. त्याखालील स्तंभांचे दगड मात्र चौरस ठोकळ्यांच्या अवस्थेतच सोडून दिलेले आहेत. राहण्याची जागा तयार होण्यापूर्वीच तिच्या कपाळावरचे शिल्प पुरे झाले होते, असे यावरून दिसते.

कामाच्या व्यापाची कल्पना साध्या गणिताने येते. क्र. ३ च्या विहाराचा मंडप सु. १२·५ मी. रुंद व १४ मी. खोल आहे. एवढ्या क्षेत्रात केवळ एक फूट खोलीचा दगड काढावयाचा झाला, तरी तो सु. ५३ घन मी. भरतो आणि बेसाल्टची घनता लक्षात घेता त्याचे वजन सु. १५० टन होते. हा सर्व दगड टाकी व सुतकी यांनी फोडून डोंगराच्या उतारावर टाकावा लागे. अशा कामात शिल्पासाठी राखलेला भाग सतत सांभाळावा लागतो. भरभर दगड फोडणारे हात आणि बारीक कोरणारे हात यांच्यात आखणीची निश्चित खूण असल्याखेरीज हे साधत नाही. या आखणी करणाऱ्यांची नावे लेखांत आलेली नाहीत. नावे आहेत ती दात्यांची.

आरंभीचा विहार : या समूहातील सर्वांत जुन्या विहारांपैकी क्र. १९ चा विहार सातवाहन राजा कण्ह (कृष्ण) याच्या काळी नाशिक येथील श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने करविला, असे तेथील लेखात नमूद आहे. हा विहार लहान असून मंडपाची प्रत्येक बाजू सु. ४·३ मी. आहे, तीन बाजूंस प्रत्येकी दोन अशा सहा खोल्या आहेत. खोल्यांच्या दारांवर चैत्यकमानी असून त्या वेदिकापट्टीने, म्हणजे कठड्याच्या नक्षीच्या पट्ट्याने जोडलेल्या आहेत. दर्शनी भिंतीतील दगडी जाळ्यांत लाकडी गजांची नक्कल केली आहे. येथील सजावट भिंतीपासून थोडीच पुढे आलेली असून मानवी आकृतींना तीत स्थान नाही. सुताराच्या ओळखीचे घर दगडात उतरविणे, एवढाच तिचा हेतू दिसतो.

नहपानाचा विहार : क्र. १० चा विहार क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने कोरविला. मंडप सु. १३·१ मी. रुंद व १३·७ मी. खोल असून दोन्ही बाजूंस प्रत्येकी पाच व मागील भिंतीत सहा खोल्या आहेत. ओसरीच्या स्तंभांचे तळखडे कार्ले येथील चैत्यगृहातल्याप्रमाणे पायऱ्यांच्या बैठकीवरील घटाच्या आकाराचे असून घंटाकार स्तंभशीर्षांवर प्राण्यांच्या जोड्या आहेत. उषवदाताची पत्नी व नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने येथील एक खोली दान दिल्याचा वेगळा लेख तिच्या दारावर आहे. त्यात खोलीसाठी ‘ओवरक’ हा शब्द येतो; मराठीतील ‘ओवरी’ त्याच कुळातील होय. लेण्यासाठी वापरलेला ‘लेण’ हा शब्दही आजच्या मराठीत जवळजवळ तसाच राहिला आहे.

अशी वास्तू कोरून झाली म्हणजे दात्याची जबाबदारी संपत नसे. उषवदाताच्या लेखात वर्ष ४२ मध्ये संघाला दिलेल्या ३,००० कार्षापणांच्या अक्षयनिधीचा तपशील आहे. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने व उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. २,००० कार्षापणांवर वर्षाला २४० कार्षापण व्याज होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा याप्रमाणे तेवढीच रक्कम लागते. हिशेब काटेकोर होता. भिंतीवरील शिल्प ज्या घराचे आहे त्या घरात माणसे राहती राहावीत, यासाठी केलेली ही तरतूद होती.

गौतमीपुत्राचा विहार : नहपानाचा पाडाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने केला. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. लेण्यांच्या बाबतीत असा छाप मारणे शक्य नव्हते. शत्रूच्या जावयाने कोरलेला विहार मोडला गेला नाही. त्याच डोंगरात त्याच धर्तीचा, परंतु दर्शनी भागी अधिक शिल्पसमृद्ध असा क्र. ३ चा विहार निर्माण झाला. गौतमीपुत्राच्या १८ व्या व २४ व्या राज्यवर्षांतील आज्ञा येथे कोरलेल्या आहेत. त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या वर्षी गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने भद्रायणीय शाखेच्या भिक्षूंना हा विहार दिल्याचा प्रसिद्ध लेखही येथेच आहे. त्या लेखात डोंगराला कैलासशिखराची व लेण्याला श्रेष्ठ विमानाची उपमा दिलेली आहे.

विमानाची ही कल्पना दर्शनी भागाच्या रचनेशी जुळते. ओसरीच्या पायाशी, प्रवेशाच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी तीन अशा सहा धिप्पाड यक्षाकृती आहेत. जमिनीतून वर आल्याप्रमाणे त्यांचा केवळ वरचा भाग दिसतो. त्यांच्या खांद्यांवर जाड तुळया असून त्यांवर संपूर्ण वास्तू तोलली आहे, असा भास होतो. त्यांच्या वर वेदिकेच्या नक्षीचा कठडा आहे. कठड्याच्या आतल्या अंगास ओसरीतील बाक असून कठडा हीच त्याची पाठ होय. या बाकावर सहा अष्टकोनी स्तंभ उभे आहेत, त्यामुळे क्र. १० मधील घटाकार तळखडे येथे दिसत नाहीत. स्तंभशीर्षांवर प्राणी आणि त्यांच्यावर पुन्हा शिल्पांकित पट्टा व वेदिका येते.

या रचनेतील कौशल्य तिच्या काटछेदात आहे. एकाच दगडी पडद्याचे आतले अंग भिक्षूला टेकून बसण्याची पाठ आहे, बाहेरचे अंग शिल्पपट आहे आणि खालचे अंग भारवाहक यक्षांचे आहे. कड्याचा दर्शनी भाग तासताना या सर्वांसाठी पुरेसा दगड पुढे राखावा लागला. ओसरी आधी कोरून यक्ष मागाहून घडविण्याचे ठरले असते, तर त्यांना लागणारी जाडी उरली नसती. येथे शिल्पाची योजना व घराची योजना वेगळ्या करता येत नाहीत.

यक्षांचा भारही तपासण्याजोगा आहे. बांधीव इमारतीत छताचे वजन तुळयांवर, तुळयांचे खांबांवर व खांबांचे पायावर येते. शैलगृहात छत हा डोंगराचाच भाग असतो. वरच्या खडकाचे वजन पोकळीच्या भोवतीने बाजूच्या अखंड दगडात उतरते. क्र. ३ च्या मंडपात एकही स्तंभ नाही. तरीही साडेबारा मीटर रुंदीचे सपाट छत टिकून आहे. पश्चिम भारतातील अनेक लेण्यांत ओसरीचे स्तंभ खालून तुटले असूनही त्यांची शीर्षे छताला धरून राहिलेली दिसतात, त्याचे कारण हेच. स्तंभ दर्शनी कडेला काही आधार देतात. यक्ष मात्र वास्तूचे कोणतेही वजन पेलत नाहीत. त्यांच्या खांद्यावर जो भार दिसतो तो पाहणाऱ्याच्या मनातला होय. लाकडी घरांच्या रचनेशी परिचित असलेल्या पाहणाऱ्याला अचल डोंगर उचलून धरलेल्या विमानासारखा भासावा, हा त्यामागील उद्देश दिसतो.

मंडपात जाण्याच्या द्वाराभोवती लहान चौकटी असून त्यांत स्त्री-पुरुषांची दृश्ये आहेत. द्वाराच्या माथ्यावर बोधिवृक्ष, स्तूप व धर्मचक्र ही चिन्हे व त्यांचे उपासक, तर दोन्ही बाजूंस हाती फुले घेतलेले द्वारपाल कोरलेले आहेत. या द्वारशिल्पाची मांडणी सांचीच्या तोरणांची आठवण करून देते. आत तिन्ही बाजूंनी बाक असून उजवीकडे सात, मागे सहा व डावीकडे पाच अशा अठरा खोल्या आहेत. ओसरीच्या दोन टोकांस आणखी दोन आहेत. मागील भिंतीच्या मध्यावर, खोल्यांच्या दारांमधील जागेत, स्तूपाचे उत्थित शिल्प असून त्याच्या बाजूंस उपासिका आहेत. भिक्षूंच्या राहत्या दालनातील हे मुख्य भित्तिशिल्प होय. त्यासाठी एकही खोली कमी करावी लागली नाही. दोन दारांमधील भिंतीची जाडी पुरेशी झाली.

या विहाराच्या निर्वाहाची कथाही लेखांत आली आहे. गौतमीपुत्राने १८ व्या वर्षी पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेली २०० निवर्तने जमीन भिक्षूंना दिली. २४ व्या वर्षीच्या आज्ञेत ते गाव ओस पडले असून शेत कसले जात नाही असे सांगून, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन देण्यात आली. कागदोपत्री दान झाले तरी उत्पन्न मिळेलच असे नाही, ही अडचण त्या काळीही होती आणि ती मान्य करून राजाज्ञेने सुधारण्यात आली.

दानाची विभागणी : सर्वच शिल्पकाम राजघराण्यांच्या खर्चाने झाले नाही. क्र. १८ च्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील द्वारावरील शिल्प धंभिक गावच्या लोकांनी दिले, असा लेख तेथे आहे. दुसऱ्या एका लेखात वेदिका व यक्ष कोरवून दिल्याचा उल्लेख येतो. चैत्यगृह पूर्ण केल्याचे श्रेय भटपालिका या स्त्रीला दिलेले आहे. दर्शनी भागाचे असे वाटे होऊ शकत होते, याचा अर्थ भिंतीवरील शिल्प हा खर्चाचा व कामाचा स्वतंत्र घटक मानला जाई. मात्र दगड एकसंध असल्यामुळे हे सर्व वाटे एकाच आराखड्यात बसवावे लागत.

कामे रखडतही असत. क्र. २० चा विहार बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केला. पण तो अनेक वर्षे अपुरा राहिला. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या ७ व्या राज्यवर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने तो पूर्ण करून चारही दिशांच्या भिक्षुसंघाला निवासासाठी दिला. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षी विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कुंभार, तेली व जलयंत्रे चालविणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. हा लेख क्र. १० च्या अंगणात आहे. तोवर तरी या वास्तू खऱ्या अर्थाने राहत्या होत्या, हे त्यावरून समजते.

उत्तरकालीन बदल : पाचव्या-सहाव्या शतकांत बौद्ध उपासनेत बुद्धमूर्तीला मध्यवर्ती स्थान मिळालेले होते. नवी लेणी कोरताना मूर्तीसाठी गर्भगृहाची योजना प्रथमपासून करता येई. अजिंठ्याच्या त्या काळातील विहारांत ती तशी केलेली आहे. नाशिकला मात्र तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या तयार विहारांत मोठ्या मूर्ती हव्या होत्या. बाहेर घडविलेली मूर्ती आणून ठेवण्याऐवजी ती डोंगरातूनच निघावी, अशी परंपरा होती. जुन्या भिंती तर पूर्वीच सपाट तासलेल्या होत्या. त्यांतून पुढे येणारी आकृती काढण्यास दगड उरला नव्हता. तेव्हा दगड मिळवावयाचा तर मागे सरकणे किंवा असलेल्या खोल्या मोडणे, हे दोनच मार्ग होते.

क्र. २० मध्ये पहिला मार्ग स्वीकारण्यात आला. मूळ मंडपाची खोली सु. १२ मी. होती. ती मागे खोदत नेऊन सु. १८·७ मी. करण्यात आली, म्हणजे मागील भिंत सु. साडेसहा मीटर हलविली गेली. हे काम मम्मा या उपासिकेने करविल्याचे तेथील उत्तरकालीन लेखावरून मानले जाते. नव्या टोकाला दोन नक्षीदार स्तंभांचे अंतराळ, द्वाराशी भव्य द्वारपाल आणि आत गर्भगृह अशी रचना झाली. गर्भगृहात सिंहासनावर पाय खाली सोडून बसलेली, धर्मचक्रमुद्रेतील सु. तीन मीटर उंचीची बुद्धमूर्ती असून तिच्या बाजूंस चामरधारी आहेत. भिंत मागे नेताना मूर्ती, तिचे सिंहासन व सेवक यांपुरता दगड अखंड राखला गेला. क्र. ३ च्या यक्षांसाठी वापरलेलेच तत्त्व येथे आतील बाजूस लावलेले दिसते. मागील भिंतीतील खोल्याही नव्याने कोरल्या गेल्या. म्हणून या विहारात मूर्ती आली तरी निवास नाहीसा झाला नाही.

क्र. २ मध्ये दुसरा मार्ग दिसतो. हा मुळात लहान विहार होता. त्याच्या मागील दोन खोल्यांची गर्भगृहे करण्यात आली आणि भिंतींवर बुद्ध व त्यांचे सेवक यांच्या आकृती कोरण्यात आल्या. भिक्षूची खोली गेली व तिच्या जागी मूर्ती आली. येथे दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. कार्ले येथेही असाच प्रकार दिसतो. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दंपतींच्या प्राचीन शिल्पांच्या मधल्या वेदिकानक्षीच्या जागी पुढे बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. जुनी नक्षी तासूनच नव्यासाठी दगड मिळाला. त्यामुळे या मूर्ती भिंतीच्या मूळ पातळीहून आत आहेत, तर मूळच्या दंपती तिच्याहून पुढे आलेल्या आहेत. कोणते शिल्प प्रथमपासून योजलेले व कोणते मागाहून घातलेले, हे ओळखण्याची ही एक ढोबळ कसोटी होय.

याच कसोटीने क्र. १० मधील बदल समजतो. तेथील मागील भिंतीवर क्र. ३ प्रमाणेच स्तूपाचे शिल्प होते. त्यातूनच पुढे भैरवाची आकृती घडविण्यात आली. स्तूपासाठी राखलेला उठाव हाताशी असल्यामुळेच हे शक्य झाले. सपाट भिंतीत अशी मूर्ती काढता आली नसती. क्र. ११ च्या लहान विहारात जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. निवासाचा मूळ हेतू संपल्यावरही त्या भिंतींतील उपयोगी दगड वेगवेगळ्या पंथांच्या उपासकांनी वापरला, असे या उदाहरणांवरून दिसते. लेण्यांतील मूर्तींचा पांडवांशी जोडलेला संबंध व त्यावरून रूढ झालेले नाव ही त्यापुढील अवस्था होय.

संशोधन व संरक्षण : एकोणिसाव्या शतकात या लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेखांवर निबंध लिहिला. जेम्स बर्जेस यांनी लेण्यांची मापे व वर्णने प्रसिद्ध केली. भगवानलाल इंद्रजी यांचे लेखवाचन १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील नाशिक खंडात आले. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या लेखांची नवी आवृत्ती सिद्ध केली. या अभ्यासाचा भर प्रामुख्याने राजवंश, कालगणना व धर्म यांवर होता. तथापि याच लेखांना वास्तूंच्या मापांची जोड दिली, तर बांधकामाचा क्रम, खर्चाची तरतूद आणि नंतरचे फेरबदल यांचाही उलगडा होतो.

ही लेणी राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. दर्शनी भागातील शिल्पांना ऊन-पाऊस, भेगांतून झिरपणारे पाणी व मानवी स्पर्श यांपासून धोका असतो. पश्चिम भारतातील अनेक लेण्यांत मोडलेल्या स्तंभांच्या जागी नवे स्तंभ उभारून आधार देण्यात आलेला आहे. खांबासारखा ठरीव आकाराचा भाग असा पुन्हा करता येतो. यक्षाच्या चेहऱ्याची किंवा द्वारशाखेवरील आकृतींची झीज मात्र भरून काढता येत नाही. वाड्याच्या कोरीव तुळईप्रमाणे ही शिल्पे उतरवून सुरक्षित जागी नेणेही शक्य नसते. त्यांचे संरक्षण म्हणजे ज्या डोंगराचा ती भाग आहेत त्या डोंगरातील पाण्याच्या वाटा, खडकातील भेगा व माथ्यावरची जमीन यांचे संरक्षण होय. लेणी कोरणाऱ्यांनी जागा निवडताना ज्या गोष्टी पाहिल्या असतील, त्याच गोष्टी ती जतन करणाऱ्यांनाही पाहाव्या लागतात.